सोनटक्के सर आणि आमचा वाडा

सोनटक्के सर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या गौरवग्रंथासाठी माझ्याकडेही लेख मागितला होता. शीर्षक संपादक मंडळानंच ठरवून पाठवलं होतं, 'माझ्या जीवनातील दीपस्तंभ'. मुदत दोन महिन्यांची होती. दोन महिन्यांत मी एक ओळ लिहिली नाही. मग एक पोस्टकार्ड आलं, मग दुसरं आलं, आणि शेवटी मंडळातले एक गृहस्थ थेट अंथुर्ण्याला आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेले. त्यांना मी सांगितलं की घरात लग्न आहे, सवड नाही. लग्न कुणाचंच नव्हतं. ग्रंथ माझ्या लेखाशिवाय निघाला आणि चांगला निघाला म्हणतात. त्यात जे लिहिलं नाही ते इथं लिहिते आहे. ज्यांना गौरव वाचायचा असेल त्यांनी तो ग्रंथ मिळवावा.

मी १९९३ ते ९५ अशी दोन वर्षं बारामतीला एम.ए.ला होते. अंथुर्ण्याहून रोज एसटीनं जायचं आणि एसटीनंच परत यायचं. सर आम्हाला 'साहित्य आणि समाज' हा पेपर शिकवायचे. कथा-कादंबऱ्यांत समाज कसा उमटतो, वरचा आणि खालचा माणूस लेखकाला कसा दिसतो, हे सगळं त्यात होतं. शिवाय परदेशी लेखकांनी कल्पिलेली ती भयाण राज्यं होती. तिथं माणसाला नावाऐवजी आकडा असतो, हसायलाही सरकारची परवानगी लागते. त्या प्रकाराला सरांनी स्वतः एक शब्द घडवला होता, 'दुःस्वप्नराज्य'. हा शब्द आपण घडवला हे ते दर आठवड्याला एकदा तरी सांगत. आम्हीही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करत असू.

सर उंचीनं बेताचे, पण खादीचा झब्बा इतका कडक खळ घातलेला, की ते वर्गात येण्याआधी त्याची सळसळ ऐकू यायची. आवाज गोड होता. आणि ते रडायचे. एखाद्या कादंबरीतला भुकेचा प्रसंग वाचायला लागले की आवाज दाटायचा, डोळे भरायचे, मग चार घड्यांचा रुमाल बाहेर यायचा. ते रडणं खोटं नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. एकदा ते असेच रडत वाचत असताना आमचा शिपाई महादूदादा सहीचं रजिस्टर घेऊन आत आला. महादूदादा वयानं सरांहून मोठा, गुडघ्यांनी अधू, दोन जिने चढून आलेला. सर थांबले आणि म्हणाले, "महादू, अक्कल आहे का तुला? दाराबाहेर उभा राहा." महादूदादा बाहेर गेला. सरांनी रुमालानं डोळे टिपले आणि ज्या ओळीवर थांबले होते त्याच ओळीपासून पुन्हा रडायला सुरुवात केली. तास संपेपर्यंत महादूदादा दाराबाहेर उभा होता.

त्यांच्या खोलीत चहाची एक पद्धत होती. प्राचार्य किंवा बाहेरगावचा पाहुणा आला तर कपबशी. कॉलेजातला प्राध्यापक असला तर नुसता कप, बशी नाही. तासिका तत्त्वावरचे लोक आणि आम्ही विद्यार्थी यांना स्टीलचा पेला. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण कॅन्टीनच्या माणसाला पाठ होतं. खोलीत कोण बसलंय हे तो दारातून बघायचा आणि त्याप्रमाणे भांडी आणायचा. त्या पेल्यातला चहा पीत पीत आम्ही सरांकडून वर्गभेदावर टिपणं उतरवून घेतली आहेत. तेव्हा त्यात काही खटकलं नाही, हेही लिहून ठेवते.

विषमतेवरचा पहिला तास मला चांगला आठवतो. सरांनी विचारलं, "विषमता तुम्ही कुठे पाहिली? पुस्तकातली नको, डोळ्यांनी पाहिलेली सांगा." मग माळेगावकडचा पोपट उभा राहिला. त्याचे वडील एका साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचे. तो म्हणाला, "सर, आमच्या कारखान्यावर दोन कॅन्टीन हायेत. सायबांच्यात पंखा हाय. वडलांच्यात न्हाय. वडील एकदा चुकून त्या पंख्याखाली बसले तर..." सर म्हणाले, "हायेत नव्हे, आहेत." पोपट म्हणाला, "आहेत." सर म्हणाले, "न्हाय नव्हे, नाही. तुम्ही एम.ए.ला आहात. बसा." पोपट बसला. पंख्याखाली बसलेल्या वडलांचं पुढं काय झालं ते सरांनी विचारलं नाही. पोपटानं उरलेल्या दोन वर्षांत वर्गात तोंड उघडलं नाही, आणि पुढं त्यानं पंचायत समितीत क्लार्कची नोकरी धरली.

शिकवायचे मात्र उत्तम. हे लिहिताना हात जड होतो, पण खोटं कशाला बोलू. टाचण न घेता दोन-दोन तास बोलायचे. एखादं वाक्य फोडून त्यातला एकेक शब्द असा समोर ठेवायचे की आपण इतकी वर्षं काय वाचत होतो असं वाटावं. पावसापाण्यात सुट्टी नाही, आजारपण नाही. "जुलमी सत्ता माणसांना नंतर हात लावते, आधी शब्दांना लावते," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं आणि ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. मला लिहावंसं वाटलं ते त्यांच्यामुळं. माझ्या रागाची सुरुवात इथूनच आहे.

मी एक कथा लिहिली. पहिलीच. आमच्या तात्यांच्या आईची. तात्या म्हणजे माझ्या वडलांचे चुलतभाऊ आणि त्यांच्या आईला सगळी भावकी थोरली आय म्हणायची. आता एक शब्द सांगायला हवा. आमच्यात वाडा म्हणजे दगडी चौकट, दिंडीदरवाजा असलं काही नाही. चार-सहा घरची माणसं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, घोड्यावर लादलेली भांडीकुंडी आणि वर बांधलेली कोंबड्यांची पिल्लं, हा जो चालता संसार असतो त्याला वाडा म्हणतात. वाडा एखाद्याच्या रानात बसतो, तिथून उठतो, पुढच्या मुक्कामाला हलतो. दिवाळी झाली की आमचा वाडा कोकणाच्या वाटेला लागायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. पुढं मेंढरं विकून सगळ्यांनी ऊस लावला, पण माझ्या लहानपणी वाडा होता.

थोरली आय चाळीस वर्षं त्या वाड्याबरोबर अनवाणी चालली. मग एका दिवाळीला तिचे गुडघे धरले. घोड्यावर बसायला ती तयार होईना, आणि चालवत तर नव्हतं. तेव्हा तिला आमच्या घरी ठेवून वाडा गेला. ती ओट्यावर रस्त्याकडं पाठ करून बसली आणि मेंढरांचा आवाज बंद होईपर्यंत वळली नाही. पहिल्या मुक्कामावरून तात्या एकटे चालत मागं आले, तिला बघितलं, पाणी प्याले आणि परत गेले. होळीच्या सुमाराला ती गेली. वाडा तेव्हा घाटाखाली होता. तात्यांना निरोप आठ दिवसांनी पोचला. एवढीच गोष्ट होती. मी ती तीन पानांत लिहिली आणि शेवटी लिहिलं, "दिस उगवायला वाडा हलला. म्हातारी मागं राहिली."

कॉलेजच्या वार्षिक अंकाचे संपादक सर होते. अंक हातात आला तेव्हा माझ्या तीन पानांचं एक पान झालं होतं. सरांनी "वर्णनाचा अतिरेक" म्हणून पहिली दोन पानं काढली होती, आणि त्यांत सगळी मेंढरं गेली होती. शेवटची ओळ अशी छापली होती: "दिवस उगवताना वाडा हादरला. म्हातारी मागे राहिली." वर चौकटीत सरांची टीप होती, की या छोट्या कथेत नवोदित लेखिकेने कोसळणाऱ्या सरंजामी वाड्याचे प्रत्ययकारी चित्र रेखाटले आहे.

किल्लारीचा भूकंप होऊन सहा महिने झाले होते. अंथुर्ण्यात ज्यानं ज्यानं ती कथा वाचली त्यानं मला एकच विचारलं, "थोरली आय भूकंपात गेली व्हय गं?"

मी सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, ते 'हलला' होतं."

"हलतो तो दात, कुमारी मदने. वाडा हादरतो."

"सर, आमच्यात वाडा म्हणजे..."

"'आमच्यात' हा शब्द माझ्या वर्गात नको," सर म्हणाले. "साहित्यात आमच्यात-तुमच्यात नसतं. तिथे सगळे समान."

मग त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. पेला आला. मी प्याले. कथा चांगली आहे, तुमच्यात गुण आहेत, एम.ए. झालं की जूनपासून तासिकांवर घेण्यासाठी मी प्राचार्यांकडे शब्द टाकीन, असंही ते म्हणाले. घरी माझ्यासाठी स्थळं बघायला लागले होते. एम.ए. होऊन नोकरी लागली तर थांबू, नाही तर उरकून टाकू, असं वडलांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळं मी 'हलला'चं पुन्हा काढलं नाही.

पुढच्या जानेवारीत इंदापूरला एका मंगल कार्यालयात साहित्याचं चर्चासत्र होतं. सर तिथं 'मराठी कथेतील ढासळता सरंजामी समाज' या विषयावर निबंध वाचणार होते आणि त्यातला मोठा भाग माझ्या कथेवर होता. मी घरी हे जरा मिरवूनच सांगितलं. तात्यांच्या कानावर गेलं. ते कधी नव्हे ते आमच्या घरी येऊन विचारू लागले, "आयची गोष्ट येवड्या लोकांत वाचणार व्हय? मग मी येतो." मी नको म्हणायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा बघून म्हणवलं नाही.

तात्या धुतलेलं धोतर, तांबडा पटका आणि खांद्यावर घोंगडी अशा थाटात आले. काठी त्यांनी दाराशी चपलांजवळ ठेवली आणि तिसऱ्या रांगेत माझ्याशेजारी बसले. सर व्यासपीठावर उभे राहिले. आधी त्यांनी 'दुःस्वप्नराज्य' हा शब्द आपण घडवल्याचं सांगितलं. मग कथेवर आले. ते छापील पान त्यांनी इतकं सुंदर वाचलं की तात्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला, कीर्तनात ठेवतात तसा.

मग सर म्हणाले, "ही म्हातारी कोण आहे? ही वाड्याची मालकीण आहे. पिढ्यान्‌पिढ्या रयतेच्या घामावर पोसलेल्या वर्गाची ही शेवटची खूण. वाडा हादरतो, आणि लेखिका तिला मागे टाकून पुढे जाते. तिच्यासाठी एक अश्रूही ढाळत नाही. या निर्दयपणातच या कथेचं सामर्थ्य आहे."

तात्या माझ्याकडं वळले. "कुणाचं सांगत्यात?"

मी म्हटलं, "थोरल्या आयचं."

तात्या उभे राहिले. कुणी बोलायला सांगितलं नव्हतं, प्रश्नोत्तरांची वेळही झाली नव्हती. हात जोडून म्हणाले, "सायेब, जरा चुकतंया. वाडा म्हंजी आमची मेंढरं आन् माणसं. हादरला न्हाय, हलला. फुडच्या मुक्कामाला गेला. आन् ती म्हातारी माजी आय व्हती. मालकीण न्हाय. तिच्या पायात कदी वहाण न्हवती. तिला आमी टाकली न्हाय, तिला चालवत न्हवतं."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग हसू पुढं सरकत आलं. फार मोठ्यानं नाही, सभ्य लोक हसतात तेवढंच. सरही हसले आणि म्हणाले, "बाबा, बसा. साहित्यात असं शब्दशः घ्यायचं नसतं." अध्यक्ष सज्जन होते. ते म्हणाले, "लेखिका इथेच आहेत ना? मग त्यांनाच विचारू या."

मी उभी राहिले. सर चष्म्यावरून माझ्याकडं बघत होते, तोंडी परीक्षेत बघायचे तसे, घाई न करता. तात्या अजून उभेच होते. माझ्या उजव्या खांद्याला त्यांची घोंगडी लागत होती. मी म्हटलं, "सर म्हणतात तोही अर्थ निघतो."

टाळ्या पडल्या. 'तोही'मधल्या त्या 'ही'त मी तात्यांनाही जागा ठेवली आहे अशी मी पुढं कित्येक दिवस माझी समजूत घालत होते. तात्या खाली बसले आणि त्यांनी पटका परत डोक्याला गुंडाळला. जेवणाला ते थांबले नाहीत, बाहेर लिंबाखाली बसून राहिले. परतीच्या एसटीत निमगाव केतकी आलं तेव्हा त्यांनी खिडकीतून बाहेर बघतच विचारलं, "नोकरीचं बोलले का सर?"

"बोलले."

"मग झालं," तात्या म्हणाले. शेळगाव गेलं, अंथुर्णं आलं. आम्ही उतरलो.

जूनला मला तासिका मिळाल्या. दोन वर्षं सरांच्या हाताखाली शिकवलं. सर माझ्याशी चांगलेच वागले. दुसऱ्या वर्षी तर माझा पेला जाऊन नुसता कप आला. इंदापूरचा तो निबंध एका मासिकात छापून आला आणि सरांनी मला त्याची प्रत सही करून दिली. तात्यांनी त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. मला रस्त्यात दिसले की आधीसारखंच विचारायचे, "गाडी मिळाली का?" मी हळूहळू त्यांच्या ओट्यावरून जायचं टाळायला लागले. सत्त्याण्णवला मी कॉलेज सोडून जवळच्या एका हायस्कुलात लागले. कारण विचारलं तेव्हा प्रवास झेपत नाही असं सांगितलं. खरं म्हणजे सरांचा आवाज झेपत नव्हता.

त्या आवाजाबद्दल, त्या झब्ब्याबद्दल, त्या रुमालाबद्दल मला इतका संताप यायचा की वर्गात फळ्याकडं तोंड करून उभी राहायचे. सर अडाणी आहेत, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. इतकी पुस्तकं वाचून या माणसाला बारामतीत राहून वाडा कळत नाही, असं मी मैत्रिणींना सांगायचे. त्यात मला समाधान होतं. अडाण्याला अडाणी म्हणताना आपलं काही चुकलंय असं वाटत नाही.

गौरवग्रंथ निघाल्यावर, नव्याण्णवच्या उन्हाळ्यात, मी सरांच्या घरी गेले. तात्या थकले होते. मला ती कथा, माझ्या हातची, पूर्ण, मेंढरांसकट, त्यांना वाचून दाखवायची होती. माझ्याकडं नक्कल नव्हती. सर ओसरीत बनियन आणि लुंगीवर बसले होते. बनियनमध्ये ते फारच लहान दिसत होते. "तुमचा लेख आला नाही," म्हणाले. "लग्न होतं म्हणे. बसा." मी हस्तलिखिताचं विचारताच ते उठले. आत कपाटात वर्षांप्रमाणे फायली होत्या. दोन मिनिटांत माझी तीन पानं माझ्या हातात होती.

शेवटच्या पानाच्या समासात, त्या ओळीशेजारी, सरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "वाडा: मेंढपाळांचा फिरता तळ. 'हलला' योग्य." त्यावर एक सरळ रेघ मारली होती आणि खाली लाल शाईनं लिहिलं होतं, "हादरला".

मी ते दोनदा वाचलं. म्हटलं, "सर, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की. न कळण्यासारखं काय होतं त्यात?"

"मग?"

"तो अर्थ लहान होता," सर म्हणाले. अजिबात लाजले नाहीत. "एक म्हातारी मागे राहते. त्यावर चर्चासत्रात दहा मिनिटं तरी बोलता येईल का? मी मोठा अर्थ घेतला. कथेला त्यामुळे नाव झालं."

"तात्यांना तुम्ही सगळ्यांसमोर..."

"तुमच्या तात्यांना मी बसा म्हणालो," सर म्हणाले. आवाज तोच, गोड. "निर्णय माझा नव्हता, कुमारी मदने. अध्यक्षांनी तुम्हाला विचारलं होतं. तुम्हीही मोठाच घेतलात."

यात टोमणा नव्हता. पेपर तपासून परत देताना ते गुण सांगायचे, तसं त्यांनी सांगितलं. मी पानं पिशवीत घातली. नमस्कार करायचा विसरले की केला नाही, ते आता आठवत नाही. फाटकातून मागं बघितलं तर सर दुसरी कुठलीशी फाईल मांडीवर घेऊन वाचायला लागले होते. ओठ हलत होते. मी गेल्याचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. सर दिसले ते तेव्हाच शेवटचे.

मी बारामतीच्या स्टँडवर आले. पिशवीत कथा होती, तीनही पानं, एकही शब्द न बदललेली. अंथुर्ण्याला उतरायचं, तात्यांच्या ओट्यावर जायचं आणि वाचून दाखवायचं, एवढंच राहिलं होतं. अंथुर्ण्यावरून जाणारी इंदापूरची गाडी लागली. कंडक्टरनं दोनदा विचारलं. मी ती गाडी सोडली, आणि तिच्यामागची पण सोडली.